येसाक्काचा तांबडा धागा

फार वर्षांपूर्वी, धोंडेपठारावर सडक पोचली नव्हती आणि बाजाराला जायचं तर घाट उतरावा लागे, तेव्हा घडलेलं हे. पठारावर मेंढपाळांची चाळीस घरं होती. त्यातलं एक येसाक्काचं. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिल्या पाच मेंढ्या आणि बांबूच्या दोन सुया.

सुयांवर विणायला ती घाटाखालच्या दवाखान्यात शिकली होती. नवऱ्याच्या उशाशी बसून असायची, तेव्हा तिथल्या एका नर्सबाईनं तिच्या रिकाम्या हातांना काम दिलं. नवरा गेला, पण हातांचा छंद राहिला. गावात मागावर घोंगडी विणणारे पुष्कळ होते. दोन सुयांवर टोप्या नि बंड्या विणणारी मात्र ती एकटीच. कुणाकडून काही घेत नसे. "मला आवडतं म्हणून करते," म्हणायची.

येणारा-जाणारा विचारी, "आक्का, आज सुईवर काय?"

"धुळबाची बंडी. काळ्या लोकरीची. मेंढरांमागं पावसात उभा असतो बिचारा. ही लोकर जाड, पाणी लवकर आत शिरत नाही."

"आन् पुढं?"

"पुढं कोंडाबाईच्या नातीला टोपडं. कोकराची पहिल्या कातरणीची लोकर ठेवलीय, गालाला टोचायची नाही. मग रखमा म्हातारीला मोजे, तपकिरी."

"आन् तुमाला काय?"

"माझी शाल आहे की. समद्यांचं झालं, की दिवसाला एक ओळ."

ती शाल तांबडी होती. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून येसाक्कानं स्वतः रंगवलेली लोकर. गावात कुजबुज होई. कारभाऱ्याची बायको भागूबाई तर पाणवठ्यावर तोंडावरच बोलली, "पांढऱ्या कपाळाला तांबडं कशाला गं?"

शाल येसाक्कानं कधी खांद्यावर घेतली नाही. विणत मात्र राहिली. अशी नऊ वर्षं गेली.

मग त्या भाद्रपदात धुकं उतरलं. पुरुष मेंढरं घेऊन देशावर गेलेले. सकाळी सात बायका गवत कापायला कड्याकडे गेल्या, त्यांच्यात भागूबाईही होती. बघता बघता पठार पांढरं झालं. असं म्हणतात, की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. बायका ओरडत होत्या, गावातून हाका जात होत्या, पण धुक्यात आवाज चहूबाजूंनी येई. वाट कुठली, कडा कुठला, काही कळेना. दुपार झाली तरी कुणी परतलं नाही.

येसाक्कानं पाटीत घरातली सगळी लोकर भरली. देवळाच्या दीपमाळेला काळ्या धाग्याचं टोक बांधलं आणि गुंडा सोडत सोडत निघाली. काळा संपला, तपकिरी जोडला. तोही संपला, तेव्हा धुळबासाठी नुकतीच विणलेली नवी बंडी उसवली. मागावरचं घोंगडं असं उसवत नाही, पण सुयांवरचं काम एक टोक ओढलं की उलगडत जातं. बंडीही संपली. पाटीत उरली ती शाल.

तिथं ती क्षणभर थांबली, असं म्हणतात. मग तिनं टोक ओढलं.

नऊ वर्षांच्या ओळी भराभरा सुटू लागल्या. एका शालीचा धागा असा किती पुरणार? पण पठारावरच्या म्हाताऱ्या शपथेवर सांगतात, की शेवटची ओळ उसवली तरी तिच्या हातात धागा येतच राहिला. बायकांना आधी येसाक्का दिसलीच नाही. दिसला तो धागा, धुक्यात पेटत्या वातीसारखा. कड्यापासून तीन पावलांवर त्या एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या.

"धरा गं," येसाक्का म्हणाली. "ओढू नका, नुसतं बोटांतून जाऊ द्या."

आठही जणी धागा धरून देवळापाशी आल्या. वाटेवर लोकर चिखलात तुडवली गेली, जागोजाग तुटली. त्यातली हातभरसुद्धा पुन्हा सुईवर चढण्यासारखी उरली नाही.

दुसऱ्या दिवशी भागूबाई येसाक्काच्या दारात आली. पदरात मंजिष्ठेच्या मुळ्या होत्या. मागोमाग प्रत्येक घरातून कुणी ना कुणी मूठभर लोकर घेऊन आलं.

"आक्का, मला शिकव," भागूबाई म्हणाली.

"धुळबाची बंडी आधी," येसाक्का म्हणाली. "थंडी यायची आता."

बंडी झाली. मग चाळीस घरांतल्या बायकांनी मिळून शाल विणली. कुणाची ओळ सैल, कुणाची घट्ट, मध्येच भोकं पडलेली. दिवाळीत सगळ्यांसमोर भागूबाईनं ती येसाक्काच्या खांद्यांवर घातली.

"मी पाणवठ्यावर बोलले ते चुकले," ती म्हणाली.

येसाक्कानं दोन्ही हातांनी शाल गळ्याशी ओढून घेतली. "लई ऊब आहे गं," ती म्हणाली.

येसाक्काला जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या. पठारावर आता सडक आहे, दुकानात रंगीत लोकरही मिळते. पण कुणा बाईचा नवरा गेला, की तेराव्याला गावच्या बायका आजही तिच्या दाराशी जमतात. सगळ्यांनी मिळून विणलेली तांबडी शाल तिच्या खांद्यांवर घालतात आणि म्हणतात, "घे बाई. आक्कानं धाडलीय."