खंडेनवमीला रुसलेली मोटार

"दौल्या, दिवस मावळायच्या आत, सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीसाठी मोटार सुरू झाली पाहिजे! ढकलायची नाही, बैल लावायचे नाहीत, आणि आम्ही स्वहस्ते पूजलेल्या यंत्राला तुझा तेलकट हात लागता कामा नये. ज्याने ती बिघडवली त्यालाच जुंपून शिवेपर्यंत ओढायला लावू. तो सापडला नाही, तर तुलाच!"

एवढं सोपं काम सांगून चिंचखेडचे सरकार पुरणपोळी जेवायला गेले.

दौलू ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. मोटार तशी म्हातारीच, कुठल्याशा गोऱ्या साहेबाने वापरून वापरून विकलेली. पण आत्ताच मुंबईहून मिस्त्री आणून तिची डागडुजी केली होती. मिस्त्री बिदागी घेऊन गेला तेव्हा ती कशी झकास चालत होती! मग आली खंडेनवमी. सरकार म्हणाले, "तलवार पूजताना म्यानातून काढतात ना? मग मोटारही उघडून पुजायची!" झालं! बॉनेट उघडलं. जिथून ठिणग्या वाटल्या जातात त्या डबीचंही झाकण काढायला लावलं. आणि सरकारांनी पाण्यात कालवलेलं कुंकू, हळद, अक्षता असं सगळं आत मनसोक्त चोपडलं. भक्तीत काटकसर कसली! वरून झाकण लावलं, हार घातला. दसऱ्याच्या सकाळी दौलूने हँडल मारमार मारलं, पण मोटार हू की चू करीना.

सगळा वाडा गोळा झाला. दिवाणजींनी चाकं मोजली, चारही जागेवर होती. ज्योतिषीबुवांनी मोटारीची पत्रिका मागितली. कुंकवाचं नाव मात्र कोणी काढेना. सरकारांची पूजा चुकली असं सांगून नोकरी कोण घालवणार?

दौलूची बायको चिमाबाई देवघरातली भांडी घासायची. काल पूजेचं तबक तिनेच धरलं होतं, सगळा प्रकार तिने डोळ्यांनी पाहिला होता.

"अहो, त्या डबीतलं कुंकू पुसलं की चालेल ना ही?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"चालेल गं! पण पुसणार कोण? मी हात लावला तर पूजा मोडली म्हणतील. आणि त्यांना सांगायला गेलो तर मलाच मोडतील!" दौलू कुजबुजला. साऱ्या गावादेखत बैलासारखं जुंपून घ्यायचं, या विचाराने तो सकाळपासून जेवला नव्हता. त्याचं ते तोंड बघून चिमाबाईला असा काही राग आला की ती पदर खोचून जेवून चौकात आलेल्या सरकारांपुढे थेट जाऊन उभी राहिली.

"सरकार, मोटार बिघडलेली नाही!"

"मग काय झोपली आहे?"

"देव झाली आहे, सरकार. तुमच्यासारख्यांनी एवढी मनोभावे पूजा केल्यावर होणारच की! आता देव कधी कोणाला पाठीवर घेऊन शिवेपर्यंत जातो का?"

सरकार सुखावले. स्तुती असली की ती कुठे चालली आहे हे त्यांना जरा उशिरा कळे.

"तलवारीही कालच पूजल्या," चिमाबाई पुढे म्हणाली. "आज त्या उचलल्या कशा?"

"उत्तरपूजा करून!"

"आणि मोटारीची उत्तरपूजा?"

सगळ्यांनी वाड्याच्या भटजींकडे पाहिलं. भटजींना घाम फुटला.

"शास्त्रात मोटारीची उत्तरपूजा आहे का हो?" सरकारांनी दरडावून विचारलं.

नाही म्हणावं तर मोटार अडते, आणि मोटार अडली तर जुंपायला माणूस हवाच आहे! भटजी घाईघाईने म्हणाले, "आहे तर! अगदी सविस्तर आहे!"

"आणि ज्याने वाहिलं त्यानेच निर्माल्य काढायचं ना?" चिमाबाईने विचारलं.

"त्यानेच! दुसऱ्याने काढलं तर दोष लागतो!" भटजींची मान आता थांबेना.

मग काय विचारता! सरकार सोवळं नेसून बॉनेटमध्ये वाकले. भटजी मंत्र म्हणू लागले, आणि दौलू हात जोडून, मोटारीला बोटही न लावता, सांगू लागला, "डबीचं झाकण काढावं सरकार... आतल्या अक्षता... त्या फटीतलं कुंकूही... कोरड्या फडक्याने, सरकार, अगदी कोरड्या!"

"एवढं बारीक?" सरकार घामाघूम होऊन म्हणाले.

"पूजाही बारीकच झाली होती, सरकार," चिमाबाई म्हणाली.

झाकण बसलं. दौलूला फक्त हँडलची परवानगी मिळाली, कारण हँडलला कुंकू लावायचं राहून गेलं होतं. त्याने एक हिसडा दिला. मोटार खोकली, शिंकली आणि धडधडू लागली! अंगणातले बैल दावं तोडून पळाले आणि दौलू भर चौकात रडला.

पण सरकार हट्टाचे पक्के. "थांबा! आमचा शब्द म्हणजे शब्द! काल चालणारी मोटार आज अडवली कोणी? त्याला जुंपल्याशिवाय मिरवणूक निघायची नाही!"

दौलूचे डोळे पुन्हा पांढरे झाले. दिवाणजी आपल्या जोड्यांकडे बघू लागले.

"गुन्हेगार सापडला आहे, सरकार," चिमाबाई शांतपणे म्हणाली. "पण एक अडचण आहे."

"कसली अडचण?"

"जू सोन्याचं घडवावं लागेल. लाकडाचं त्या खांद्यांना शोभायचं नाही!"

सरकारांनी चिमाबाईकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. दहाही बोटं कुंकवाने लालभडक झाली होती.

आणि सरकार हसले! असे हसले की सोवळं सावरताना दोन हात पुरेनात. ते हसले म्हटल्यावर दिवाणजींनाही विनोद ताबडतोब कळला.

"दिवाणजी, सोनाराला बोलवा!"

"जू घडवायला, सरकार?" दिवाणजींनी अदबीने विचारलं.

"चिमाबाईच्या पाटल्या घडवायला! आणि दौल्या, मोटार काढ. आज तुझी बायको मागे बसेल, आमच्या शेजारी."

चिमाबाई बसली. मात्र बसण्याआधी तिने कुंकवाचं तबक उचलून दिवाणजींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे जरा मोटारीपासून लांब ठेवा!"