आभाळाची वीण आणि धाकटी मुंगी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा वाळवंटाला सीमा नव्हती आणि वाळूला कुणी मालक नव्हता.

त्या वाळूत मुंग्यांचं एक वारूळ होतं. भर दुपारी, सरडे सावलीला गेले, की मुंग्या अन्नाला बाहेर पडत. तापल्या वाळूत फार वेळ राहिलं तर जीव भाजून जायचा. म्हणून जायचं ते लगबगीनं आणि परतायचं ते नाकासमोर, सरळ.

परतीची वाट त्यांना आभाळ सांगे. कापडाला वीण असते ना, तशी आभाळातल्या उजेडालाही असते. सूर्य ढगाआड गेला तरी निळा वीतभर तुकडा दिसला, की त्या विणीवरून मुंगीला दिशा कळते. माणसांना ती दिसत नाही. माणसांना तसं बरंच काही दिसत नाही.

वारुळातली सर्वांत वडील मुंगी म्हणजे ताई. ती दारात उभी राहून प्रत्येकीला बजावायची, "दिशा आभाळ सांगेल, अंतर तुझी पावलं सांगतील. पण वाटेत कुणी तुला उचललं, तर मोजणी मोडली असं समज. मग सरळ चालू नकोस. गोल गोल फिरत दार शोध. त्यात लाज कसली?"

सगळ्यांत तरबेज होती धाकटी. तिला आजवर एकदाही गोल फिरावं लागलं नव्हतं. फिरणाऱ्यांना ती हसायची.

त्या वर्षी दुष्काळ पडला. वारुळातली पिल्लं भुकेनं मलूल झाली. बाहेर जाण्याचं बळ एकट्या धाकटीत उरलं होतं.

"आजचा दिवस निघेल," ताई म्हणाली. "उद्याचं सांगता येत नाही. लवकर ये गं."

धाकटी निघाली. दोन हजार पावलांवर तिला मेलेल्या टोळाची भलीमोठी तंगडी सापडली. ती ओढत धाकटी परत फिरली, पण ओझं जड आणि वाळू तव्यासारखी तापलेली. तेवढ्यात एक भुंगेरा आला.

"बस माझ्या पाठीवर," तो म्हणाला. "मी तिकडंच चाललोय. पाचशे पावलांवर सोडतो."

धाकटी बसली. तंगडी घट्ट धरून, डोळे मिटून तिनं जरा वारा खाल्ला. भुंगेरा वाटेतल्या काटेरी झुडपाला मोठा वळसा घालून गेला. पाचशे पावलं झाल्यावर त्यानं तिला उतरवलं. भुंगेऱ्याची पाचशे पावलं म्हणजे मुंगीची किती, हे तिनं विचारलं नाही.

तिनं वर पाहिलं. आभाळाची वीण तीच होती. "उरली दीड हजार," असं म्हणून ती सरळ निघाली.

दीड हजार पावलं झाली. दार नव्हतं.

तिथं एका खडकाच्या सावलीत परक्या वारुळातला एक लंगडा मुंगळा बसला होता. तो म्हणाला, "पोरी, तुझं वारूळ मागं राहिलं. तो पांढरा दगड दिसतो ना, त्याच्या पलीकडे आहे. तुझी ताई मघा दारात उभी होती."

"आभाळ खोटं बोलत नाही, मामा."

"आभाळ कशाला खोटं बोलेल? पण तुला कुणी कुठं आणून सोडलंय, हे त्याला काय ठाऊक! इथल्या इथं गोल फिरून बघ तरी."

धाकटीच्या मनात भुंगेरा आला. क्षणभर ती थबकली. पण आता गोल फिरायचं म्हणजे ज्यांना आपण हसलो त्यांच्या रांगेत बसायचं.

"मला कुणी आणून सोडत नसतं," ती म्हणाली, आणि सरळ चालू लागली.

मला या मुंगीचा राग येतो. रागापेक्षा वाईट जास्त वाटतं.

धाकटी परतेना, तेव्हा ताई स्वतः बाहेर पडली. म्हातारपणी गोल गोल फिरत तिनं सारी वाळू पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी सापडली. पाय वाळूला चिकटलेले, तंगडी तोंडात तशीच घट्ट. आभाळानं सांगितलेल्या दिशेकडेच तिचं तोंड होतं. त्या दिशेत तसूभरही चूक नव्हती.

ताईनं तंगडी सोडवली आणि ओढत वारुळात आणली. आत गेली तेव्हा खाणारं पिल्लू एकही उरलं नव्हतं.

बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: दिशा कितीही खरी असली, तरी आपण कुठं उभे आहोत हे जो कबूल करत नाही, तो घरी पोचत नाही.