मधल्या माळावरचा वणवा

या गोष्टीला फार वर्षं झाली. डोंगरांच्या कुशीत दोन राज्यं होती, एक उगवतीचं आणि दुसरं मावळतीचं. दोघांच्या मधोमध अर्धा कोस रुंदीचा एक लांबलचक माळ पसरला होता. माळ कुणाचा, यावरून एकदा मोठी लढाई झाली. माणसं मेली, पण निकाल काही लागला नाही. मग दोन्ही राजांनी आपापल्या प्रजेला बजावलं, "माळावर पाऊल टाकाल तर खबरदार!" तेव्हापासून वीस वर्षं तिथं ना गुरं चरली, ना कुणी गवत कापलं. गवत वाढायचं, वाळायचं, त्याच्यावर पुन्हा नवं वाढायचं. घोडेस्वार आत शिरला तर दिसायचा नाही, इतका तो माळ माजला होता.

मावळतीच्या राज्यानं माळाच्या कडेला एक उंच मनोरा बांधला होता. त्यावर बैलगाडीच्या चाकाएवढ्या तोंडाचा नगारा होता आणि सटवाजी नावाचा नगारची तिथं पहाऱ्याला असायचा. शत्रू चालून आला की त्यानं नगारा वाजवायचा. तो ऐकून पुढच्या गावानं आपला वाजवायचा, मग त्याच्या पुढच्या गावानं. बघता बघता सारं राज्य हत्यारं घेऊन माळावर यायचं, अशी व्यवस्था होती. हुकूम मात्र कडक होता. शत्रू आला नसताना नगारा वाजला, तर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तोडायचे.

सटवाजीला त्या हुकुमाचं भय नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ त्याच लढाईत पडला होता. रोज सकाळी तो नगाऱ्याच्या टिपऱ्यांना तेल लावायचा, उगवतीकडे तोंड करून बसायचा आणि मनात म्हणायचा, 'या एकदा.'

चैत्रातल्या एका दुपारी ते आले.

पलीकडच्या गावांतून माणसांचे लोंढे माळात उतरताना त्याला दिसले. पुरुष होते, बायका होत्या. उन्हात कोयते, कुऱ्हाडी, कुदळी लखलखत होत्या. त्यानं टिपऱ्या उचलल्या, हात डोक्याच्या वर नेले आणि तो थबकला. त्यातलं कुणीच त्याच्याकडे येत नव्हतं. सगळे उत्तरेकडे बघत होते.

त्यानंही मान वळवली. उत्तरेचे डोंगर जागेवर नव्हतेच. तिथं आभाळापर्यंत धूर उभा होता आणि धुराच्या पायाशी, माळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आगीची एक लाल रेघ वळवळत पुढं सरकत होती. वारा तिला दक्षिणेकडे लोटत होता. गवतातून हरणांचे कळप उसळत येत होते. त्यांच्यातच रानडुकरं होती, ससे होते, एक बिबट्याही होता, आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. सटवाजीनं आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, पण असं काही पाहिलं नव्हतं. उचललेले हात खाली घ्यायचंसुद्धा त्याला सुचेना.

एवढ्यात एक बाई गवत बाजूला सारत मनोऱ्याच्या पायथ्याशी आली. अंगानं थोराड, कासोटा घट्ट खोचलेला. हातातला कोयता तिनं जमिनीवर ठेवला आणि वर बघत हाक मारली, "अहो नगारेवाले दादा! मी उगवतीकडची हौसाक्का. आमच्या गावची पाटलीण."

"तिथंच थांब! पाऊल पुढं टाकू नकोस," सटवाजी ओरडला.

"थांबलेच आहे. पण आग थांबायची नाही. आम्ही आमच्या कडेपासून गवत कापत, माती उघडी करत निघालोय. उघड्या मातीवर आग पुढं सरकत नाही. पण आम्ही सहाशे माणसं आहोत, मध्यापर्यंतच पोचू. मध्यापासून तुमच्या कडेपर्यंत तुम्ही कापलंत तरच ती अडेल. नाहीतर दक्षिणेला तुमची अकरा गावं आणि आमची नऊ, एकही उरायचं नाही. माणसं बोलवा तुमची!"

सटवाजीनं नगाऱ्याकडे बघितलं. "हा त्यासाठी नाही वाजवायचा."

"मग कशासाठी?"

"तुम्ही चालून आलात तरच."

हौसाक्कानं मागच्या लोंढ्याकडे हात केला. मग म्हणाली, "आलोच आहोत की आम्ही! वाजवा."

सटवाजीला भावाचा चेहरा आठवला. या बाईच्या माणसांनी त्याला मारलं होतं. आणि आत्ता हिच्यासाठी आपण आपले हात द्यायचे? त्यानं उत्तरेकडे पाहिलं. मग दक्षिणेकडे पाहिलं. जवळच्या गावात कुणीतरी अंगणात वाळवण घालत होतं. त्या घराला अजून काहीच माहीत नव्हतं.

त्यानं नगारा वाजवला.

पहिल्या ठोक्यानं मनोरा थरथरला. लगेच पलीकडच्या टेकडीवरून दुसरा नगारा बोलला, मग तिसरा, आणि तो आवाज घोंघावत दूर दूर गेला. थोड्याच वेळात रस्त्यांवर धुळीचे लोट उठले. घोडदळ आलं, पायदळ आलं, भाले-तलवारी घेतलेले गावकरी आले. आपलं राज्य एवढं मोठं आहे, हे सटवाजीला त्या दिवशी कळलं.

सेनापतींनी घोडा मनोऱ्याशी उभा केला. "कुठंय शत्रू?"

सटवाजी खाली उतरला होता. त्यानं आगीकडे बोट दाखवलं.

सेनापतींचा चेहरा लाल झाला. "आणि माळात ते कोण आहेत?"

"उगवतीचे आहेत, सरकार. गवत कापताहेत."

"हद्द ओलांडून? तिरंदाज, पुढं व्हा!"

धनुष्यं ताणली गेली. सटवाजी बाणांच्या समोर जाऊन उभा राहिला. "सरकार, मी खोटा नगारा वाजवला. माझे हात उद्या तोडा. आज ते लागणार आहेत."

एवढं बोलून त्यानं जवळच्या शिपायाची तलवार काढून घेतली, वाकला आणि गवत कापायला लागला.

कुणीच हललं नाही. फक्त आगीचा घरघराट ऐकू येत होता. मग एक म्हातारा शिपाई पुढं आला आणि सटवाजीच्या शेजारी वाकला. मग दहा आले, मग शंभर. सेनापतींनी एकदा धुराकडे पाहिलं आणि ते घोड्यावरून उतरले.

त्या दुपारी तलवारींनी गवत कापलं आणि ढालींनी माती खरडली. एका बाजूनं सहाशे जण, दुसऱ्या बाजूनं हजारो. दोन उघडे पट्टे एकमेकांकडे सरकत होते. आग टेकाडावरून खाली आली तेव्हा मध्ये चाळीस हात गवत उरलं होतं. केस करपत होते, श्वास घेता येत नव्हता. दोन्हीकडची माणसं त्या चाळीस हातांवर तुटून पडली. गवताचा शेवटचा झुपका उपटला गेला आणि सगळे मागं धावले.

आग आली. ताडाएवढी उंच भिंत, माळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती पट्ट्याशी येऊन उभी राहिली. ठिणग्या उडाल्या, त्या ओल्या घोंगड्यांनी आणि पळसाच्या फांद्यांनी झोडपल्या गेल्या. आगीनं खूप धडपड केली. मग ती हळूहळू बसली आणि विझली.

कुणी ओरडलं नाही, कुणी जयजयकार केला नाही. हजारो माणसं नुसती उभी राहून बघत होती. कुणीतरी सटवाजीच्या तोंडाशी पाण्याची चरवी धरली. तो घटाघटा प्याला. चरवी उगवतीकडच्या एका म्हाताऱ्याची आहे, हे त्याला नंतर दिसलं.

दिवस मावळायच्या आत मावळतीचे राजे आले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सटवाजी, हुकूम ठाऊक होता ना?"

"होता, महाराज. शत्रू आल्याचं सांगायला आपल्याकडे नगारा आहे. आग आल्याचं सांगायला काहीच नव्हतं."

राजे वळले. मग काळ्या पडलेल्या माळाकडे बघत म्हणाले, "एवढं गवत माजलं कसं?"

हौसाक्का पुढं झाली. "तुमच्या हुकुमानं तुमची गुरं इथं येत नाहीत, महाराज. आमच्या राजाच्या हुकुमानं आमची येत नाहीत. वीस वर्षांचं गवत आहे ते."

राजांनी राखेत हात घातला. ती अजून गरम होती. मग एवढंच म्हणाले, "माळाचा तो हुकूम माझा होता. आजपासून तो नाही. आणि सटवाजीच्या हातांना कुणी धक्का लावायचा नाही."

वैर काही एका दिवसात सरलं नाही. हद्दीवरून पुढंही भांडणं झाली. पण दरवर्षी दिवाळी झाली की दोन्हीकडची माणसं माळावर येत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवत कापत आणि निम्मं निम्मं घरी नेत.

वणवा विझला त्या संध्याकाळी सटवाजी मनोऱ्यावर चढून बसला. भाऊ गेल्याचं दुःख होतं तसंच होतं. उत्तरेला नजर पोचेल तिथवर काळं रान होतं. दक्षिणेला वीस गावं होती आणि वीसही गावांत चुली पेटल्या होत्या. पलीकडे नऊ गावं आहेत, हे त्याला माहीत होतं. ती त्यानं कधी नीट बघितली नव्हती. अंधार पडेपर्यंत तो बघत राहिला.

तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याशी असलेल्या वैरापायी जी जमीन आपण पडीक टाकतो, तिथंच दोघांना जाळणारी आग वाढते, आणि ती अडवायला दोघंही लागतात.