हुप्प्याने धुतलेली झूल

माणसांना अजून लंगोटीही ठाऊक नव्हती, पण हत्ती मात्र झूल पांघरत, त्या काळची ही गोष्ट. दंतोबा हत्तीचं लग्न ठरलं. त्याची ठेवणीतली झूल चिखलाने माखली होती. हुप्प्या माकड रिठ्याच्या झाडावर राहायचं, म्हणून ती धुवायचं काम त्याच्याकडे आलं.

नदीतली खेकडीण म्हणाली, “मूठभर रिठे पुरे हो.”

“मावशी, लग्नाची झूल आहे! मूठभरात आपली शोभा काय राहील?” असं म्हणून हुप्प्याने अख्खं झाड हलवलं आणि पडले तेवढे रिठे कुटून घातले. फेस असा उसळला की पलीकडच्या म्हशी पांढऱ्या झाल्या आणि एकमेकींना गाई समजून अदबीने बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी झूल पापडासारखी कडक वाळली. वरातीत दंतोबाला खाज सुटली. त्याने सोंडेने पाठीवर पाणी उडवलं मात्र, अंगावरून फेसाचे लोटच्या लोट निघाले.

नवरीची आई किंचाळली, “अगं बाई, जावई उतू चालला!”

वरात तशीच नदीवर आली. हुप्प्या झूल खळबळतोय, पिळतोय, पुन्हा खळबळतोय. मुहूर्त टळायला आला तरी फेस संपेना.

“मावशी, केवढा हा मळ!” तो रडकुंडीला आला.

डोळ्यांवरचा फेस पुसत खेकडीण वर आली. “मळ कालच गेला रे, पहिल्या मुठीत. तेव्हापासून तू रिठेच धुतोयस.”