राजा रणधवलाची लोखंडी दाढी

एका राज्यात रागालाही वजन असे. प्रजेचा राग चिमूटभर. तो रात्रीच्या झोपेत उतरून जाई. राजाचा राग मात्र उतरत नसे, कारण राजाच्या शब्दाला माघारी फिरण्याची वाट पूर्वजांनी ठेवलेलीच नव्हती.

त्या राज्याचा अधिपती रणधवल हा पराक्रमी होता, न्यायी होता. परंतु शीघ्रकोपी होता. एके दिवशी भर दरबारात तो आपल्या धाकट्या भावाशी, मकरंदाशी, सारीपाट खेळत होता. राजाचे दान फसले आणि मकरंद हसला. हसणे मोठे नव्हते. पण दरबार ते पाहत होता.

राजा ताडकन उठला. म्हणाला, "मकरंदा, गळ्यात दोर बांधून तू माझ्या पायाशी येशील, तोवर या हनुवटीला वस्तरा लागणार नाही. माझ्या राज्यात तुला जो घोटभर पाणी देईल, त्याचे हात तोडले जातील."

मकरंदाने डोईचे पागोटे सारीपाटावर ठेवले आणि बोडक्या डोक्याने तो चालता झाला.

दरबारात कंकोळ नावाचा मांत्रिक होता. दुसऱ्याच्या रागावर तो आपली विद्या पोशी. तो मंद हसून म्हणाला, "तथास्तु."

त्या घटकेपासून राजाच्या दाढीचा केस न केस लोखंडाचा झाला. राजा चाले तेव्हा ती खणखणे. राजा रागावे तेव्हा ती वाढे. वाढता वाढता ती गळ्याभोवती फिरली आणि तिचा फास आवळू लागला. भात गिळवेना, मग पेज गिळवेना. राजवैद्यांनी नाडी पाहून सांगितले, "महाराज, होळीपर्यंत श्वास पुरेल. पुढचे आमच्या हाती नाही." राजाला मूलबाळ नव्हते. सिंहासनाकडे कंकोळ डोळे लावून बसला होता, हे राजाखेरीज सर्वांना ठाऊक होते.

तुळोजी न्हाव्याने प्रयत्नांची शिकस्त केली. घंगाळात कढत पाणी आणले, दाढी शेकली, भिजवली, आणि धोकटीतला उत्तमातला उत्तम वस्तरा लावला. कढत पाण्याने दाढी तापली, वीतभर वाढली, आणि वस्तऱ्याचे दोन तुकडे झाले.

तुळोजी हात जोडून म्हणाला, "महाराज, अपराध पोटात घाला. ही हजामत माझी नव्हे, लोहाराची आहे."

"मग लोहाराला बोलाव," राजा गुरगुरला.

"तो कालच गाव सोडून गेला, महाराज. त्याला वाटले, आपण बोलावणार."

राजाला राग आला आणि फास केसभर आवळला. तो धापा टाकीत उद्यानातल्या विहिरीच्या काठी येऊन बसला. रहाटावर एक खंड्या पक्षी निळे पंख मिटून बसला होता. तो माणसासारखा बोलला.

"राजा, तापलेल्या लोखंडावर कढत पाणी ओतणारा शहाणा मी प्रथमच पाहतो."

"पाखरा, थट्टा करू नकोस. उपाय ठाऊक असेल तर सांग."

"तीन गोष्टी आण. शीतकुंडाचे थंड पाणी. नागगुहेतला वस्तरा. आणि ज्याच्या नावाने ही दाढी वाढली, त्याचा हात."

राजा चमकला. "मकरंदाचा? माझा गळा त्याच्या वस्तऱ्याखाली देऊ? तो कापील!"

"कापीलही," खंड्या म्हणाला. "तो न कापील तर दाढी कापील. गळा तुझा आहे. निवड तुझी आहे." एवढे बोलून त्याने पाण्यात बुडी मारली.

राजाने दाढी कमरेभोवती गुंडाळली, वर उपरणे बांधले, आणि कोणास न सांगता तो निघाला.

शीतकुंड एका डोंगराच्या पोटात होते. ऊन तेथे कधी गेलेच नव्हते. काठावर एक वृद्ध कासव जपमाळ ओढीत बसले होते.

"पाणी हवे," राजा म्हणाला.

"घे की. मी काय पाणक्या आहे?"

राजाने ओंजळ भरली. ओंजळीतले पाणी सळसळून उकळले आणि वाफ होऊन गेले. दुसऱ्यांदा भरली, पुन्हा तेच. राजा दात-ओठ खाऊ लागला.

कासव म्हणाले, "पाण्याचा दोष नाही. हात कोणावर संतापला आहे, ते बघ."

"मी संतापलेलो नाही!" राजा गरजला. सारी गुहा दुमदुमली.

"बरे," कासव म्हणाले, आणि पुन्हा जप करू लागले.

राजा खाली बसला. त्याने दोन्ही हात कुंडात सोडले आणि तसेच राहू दिले. प्रथम बोटे बधिर झाली, मग मनगटे. भावावर रागवावे असे त्याने दोनदा मनात आणले. पण थंडी एवढी होती की राग धरून ठेवायला अंगात ऊब उरेना. तेव्हा तिसरी ओंजळ भरली ती थंडगार राहिली. राजाने ती खांद्याला अडकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ओतली, तुंबा काठोकाठ भरून घेतला, कासवाला नमस्कार केला आणि तो पुढे गेला.

नागगुहेत कंकोळाने शापलेले धन होते. हिऱ्यांच्या राशी होत्या, सोन्याचे हौद होते; आणि त्यांना हात लावणारे शंभर लोभी पुरुष दगड होऊन जागोजागी उभे होते. राशीवर एक वृद्ध नाग वेटोळे घालून पहुडला होता.

"काय नेणार?" नागाने विचारले.

"वस्तरा."

"एवढाच? तो तर गंजलेला आहे. मोबदला काय देशील?"

राजाने मस्तकावरचा मुकुट उतरवून राशीत ठेवला. नागाने तो हुंगला आणि वस्तरा पुढे सरकवला.

"धार लावणारा कोणी आहे?" राजाने विचारले.

"येथे? हे सारे दगड आहेत. एखादा पाठीवर धार लावू देईल."

राजाने आयुष्यात तलवारीलासुद्धा स्वतः धार लावली नव्हती. तो एका दगडी पुरुषाच्या पाठीशी बसला. तुंब्यातले चार थेंब टाकी आणि पाते आडवे धरून हळूहळू घाशी. घाई केली की पाते घसरे. दाब दिला की धार मोडे. अखेर त्याने ते अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिले. ते न घसरता तेथेच रुतून राहिले. धार लागली होती.

आता तिसरी गोष्ट उरली. राज्याच्या सीमेपलीकडच्या माळावर राजाचे हेर मकरंदाला वर्षभर शोधीत होते आणि रिकाम्या हाताने परतत होते. कारण ते राजपुत्र शोधीत होते. माळावर होता तो एक धनगर. अंगावर घोंगडी, पायाला भेगा, पुढ्यात एक मेंढी. ती कातरीखाली निमूट पडून होती.

राजाने बैठक ओळखली, मान ओळखली. तो जवळ जाऊन उभा राहिला.

मकरंदाने वर पाहिले. "या महाराज. दोर आणलात?"

"वस्तरा आणला आहे. माझी दाढी कर."

"मी मेंढ्या भादरतो, महाराज. राजे भादरीत नाही."

"मग मला मेंढी समज," राजा म्हणाला. फासामुळे त्याचा आवाज चिंधीसारखा फाटला होता. "मकरंदा, अन्याय मी केला. मी मरणार आहे. तू दाढी केलीस तर जगेन. मारलेस तर तुझा दोष नाही."

मकरंदाने मेंढी सोडून दिली, घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "आडवे व्हा."

राजाचे मस्तक त्याने मांडीवर घेतले. तुंब्यातले पाणी हाताने दाढीवर चोळले. राजाच्या अंगावर शहारा आला आणि लोखंड पहिल्यांदाच गप्प झाले. वस्तरा गालावरून फिरला. लोखंडी केस तुटून पडू लागले.

तेवढ्यात एक वृद्ध वाटसरू वाफाळता तांब्या घेऊन आला. तो राजाच्या मागावर आलेला कंकोळ होता. पण रूप निराळे होते. "अरे बाबांनो," तो कळवळून म्हणाला, "थंड पाण्याने कातडी आखडते, वस्तरा लागतो. हे कोमट घ्या. थोरल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"नको," राजा म्हणाला.

कंकोळ राजाच्या कानाशी वाकला. "त्याचा हात पाहा, महाराज. गळ्याशी आला आहे."

खरोखरच हात गळ्याशी आला होता, आणि तेथे थांबला होता. फासाची शेवटची लड उरली होती. तिच्याखाली राजाची शीर उडत होती.

मकरंद शांतपणे म्हणाला, "याच गळ्यातून तो हुकूम निघाला होता. मला पाणी देणाऱ्याचे हात तोडण्याचा. तीन गावांनी मला तहानलेला असताना दारातून परत पाठवले, दादा. लोक आत रडत होते. पण दार उघडले नाही कोणी."

राजाला पुष्कळ बोलायचे होते. पण पाते कातडीला टेकलेले होते. बोलला असता तर कापला गेला असता. क्षमा मागायला तोंड नव्हते, हात जोडावे तर अंग हलले असते. एकच गोष्ट त्याला करता येण्याजोगी होती.

त्याने डोळे मिटले, हनुवटी वर उचलली, आणि गळा होता तेवढा सारा भावापुढे ताणून धरला.

ताणलेल्या कातडीवर वस्तरा बिनघोर चालतो. तो एका दमात कानापासून कानापर्यंत फिरला. फास तुटला. राजाने श्वास घेतला. तो इतका मोठा होता की माळावरचे गवत वाकले.

तुटलेले लोखंडी केस सळसळत उठले आणि ज्याच्या मंत्राने जन्मले होते त्याच्या पाठीत जाऊन रुतले. कंकोळाचे साळिंदर झाले. अंगभर काटे फुलवीत ते बिळात शिरले. त्याची विद्या तेथेच संपली. नागगुहेतल्या दगडी पुरुषांना त्याच वेळी जांभया आल्या, आणि ते रिकाम्या हातांनी आपापल्या घरी गेले.

मकरंदाने घोंगडीच्या टोकाने भावाचा चेहरा पुसला. "थोडे रक्त आले आहे. थंडीने बोटे बधिर झाली होती."

"असू दे," राजा म्हणाला. "घरी चल."

"मेंढ्या कोणाच्या हवाली करू?"

राजाने कळपाकडे पाहिले. "मग हाकत ने. राजधानीत गवत पुष्कळ आहे."

राज्यात परतल्यावर राजाने पहिला हुकूम काढला की वेशीवेशीवर पाणपोई बसवावी आणि येणाऱ्याचे नाव विचारू नये. राजाच्या शब्दाला माघारी फिरण्याची वाटही त्याच दिवशी बांधली गेली. ती आजतागायत वाहती आहे. ज्यांच्या मनात कोणाविषयी अढी बसली असेल, त्यांची अढी अशीच थंड पाण्याने, एका हाताने, रक्ताच्या एका थेंबावर उतरो.