उलट्या पावलांचा चौक

करंजवेशीतून आत आलात की हा चौक. चित्रांच्या आणि मातीकामाच्या मेळ्याचे आठ दिवस इथे जमिनीवर रांगोळीचा शालू पसरलेला असतो, आणि त्याच्या कुंकवाच्या काठापाशी तांबड्या पावलांचा एक जोड. नीट बघा. बोटे आपल्याकडे, टाचा शालूकडे. मागे मागे चालत गेलेल्या माणसाची पावले आहेत ती.

आणखी एक गंमत. इथे पाहुणे पुढे चालतात, यजमान मागे, आणि पाहुण्यांच्या चपला यजमानाच्या हातात. नवे पाहुणे "अहो, असू द्या, असू द्या" करत लाजतात. लाजू नये. लाजण्याचे काम या शहराने केव्हाच स्वतःकडे घेतले आहे.

ही पावले पडली तेव्हा इथे राजाचे राज्य होते म्हणे, आणि राजापेक्षा तोरा रखमाजीशेट अत्तरवाल्यांचा जास्त. चित्रांतले त्यांना ओ का ठो कळत नव्हते, पण मेळ्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. मातीच्या घोड्याला ते हत्ती म्हणाले, तर कुंभार मुकाट्याने सोंड लावायला घ्यायचा.

त्या वर्षी त्यांच्या सुनेचे वडील, डोंगरापलीकडच्या वाडीतले सटवाजी, पहिल्यांदाच लेकीचे शहर बघायला आले. मुलीचा बाप म्हणजे आवाज आधीच अर्धा. शेटनी त्यांना सकाळपासून मेळ्यात फिरवले. "व्याहीबुवा, हे तुमच्या वाडीत नसेल!" सटवाजी म्हणत, "कुठलं असायला, शेट." शेटना आणखी चेव येई. सून सगुणा मागून चालत होती.

चौकात धुरपदाआजीने सहा दिवस गुडघ्यांवर बसून रांगोळीचा शालू काढला होता. काठाला कुंकू, अंगावर हळदीची जर. इतका हुबेहूब, की बायका पदर उचलायला वाकत. सटवाजी काठाशी थबकले आणि त्यांनी वहाणा काढल्या. रांगोळीपुढे वहाणा काढायच्या, एवढे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळते. सगुणाने वडलांच्या वहाणा उचलून हातात धरल्या.

शेटना मात्र वाटले, आपल्यासाठीच पायघड्या घातल्यात! ते वळले, पाहुण्यांकडे तोंड करून त्यांनी हात पसरले, आणि "या, या व्याहीबुवा! आमच्या शहरात आमच्या पाहुण्यांना अशा पायघड्या पडतात!" असे म्हणत उलटे चालू लागले. एक, दोन, चांगली सात पावले.

बघणाऱ्यांच्या नजरा त्यांच्या पायांवर खिळल्या. शेटनी खाली पाहिले. जोडे कुंकवाने माखलेले, शालू फाटल्यासारखा.

तेव्हाच "चुकलो" म्हटले असते तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि आपणही आता भजी खात बसलो असतो. पण शंभर माणसे बघत होती. शेट मोठ्याने म्हणाले, "काय हे, व्याहीबुवा! रांगोळी तुडवलीत? तुम्हा वाडीच्या लोकांना आणायचीच सोय नाही!"

सटवाजी अनवाणी उभे होते, काठाच्या बाहेर, तळवे कोरडे. त्यांनी लेकीकडे पाहिले. तिला याच घरात नांदायचे होते. ते आजीपुढे वाकले. "चुकलं माझं, माय. नजर अधू झाली." आणि तसेच वाडीच्या वाटेला लागले. वहाणा लेकीच्या हातातच राहिल्या.

आजीने शालू मोडला नाही, की सांधलाही नाही.

घरी शेटनी जोडे काढले तर तळपाय लालभडक, असे सांगतात. मध्ये कातड्याचा जाड तळ असून! चिंच झाली, राख झाली, शिकेकाई झाली. रंग ढिम्म. ओसरीवर चालले की पावले उमटत, आणि तीही उलटी. शेट चालले देवघराकडे, तर पावलांची बोटे चौकाकडे. मागून सगुणा फडके घेऊन येई आणि पुसत जाई. दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी ते थांबले.

"सूनबाई, फडकं दे इकडे. मी पुसतो."

"असू द्या, मामंजी. तुमची पावलं पुसायला मी आहे. माझ्या बाबांच्या तोंडाला फासलंत, ते कोण पुसणार?"

दाराशी त्या वहाणा होत्या, झिजलेल्या, अंगठ्याजवळ सुतळीने शिवलेल्या. अत्तरवाल्या हातांनी शेटनी त्या उचलल्या आणि अनवाणी डोंगर चढले. वाडीत सटवाजींपुढे वहाणा ठेवून नुसते उभे राहिले. सटवाजी म्हणाले, "बसा, शेट. उन्हाचे आलात, ताक घ्या." चार शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे शेटना त्या ताकाच्या प्रत्येक घोटाला वाटले.

मेळ्याच्या शेवटच्या दिवशी लोकांनी पाहिले ते हे: पुढे सटवाजी, मागे रखमाजीशेट, आणि व्याह्याच्या वहाणा शेटच्या हातात. चौकात येऊन शेट म्हणाले, "रांगोळी मी तुडवली. नाव यांचं घेतलं." मागून कोणी टवाळ ओरडला, "मोठ्यानं, शेट! रोज तर सात गल्ल्यांत ऐकू येतं!" तीनदा सांगावे लागले. तिसऱ्यांदा आवाज फुटला, तो रडण्याचा.

धुरपदाआजीने चिमूटभर कुंकू घेतले आणि त्या पावलांभोवती रेघ ओढली. "राहू दे," ती म्हणाली, "आता हे चित्रातलं झालं."

तळपायाचा रंग त्याच दिवशी निघाला, असे शहर सांगते. शेटच्या घरचे सांगतात, नाही. जन्मभर फिका का होईना, राहिला. घरच्यांचे खरे मानावे, पाय त्यांनी चेपले.

आजही मेळ्यात आधी ही पावले काढतात, मग शालू. आजही चौकातून बाहेर पडताना इथला यजमान भिंतीचा आधार घेतो, एक पाय उचलतो आणि हळूच आपला तळवा बघतो. आता वळून बघू नका. तुमचेही यजमान तेच करताहेत, आणि तुमच्या चपला त्यांच्या हातात आहेत.