बिब्बा का थांबला?

कोकणात डोंगराच्या माथ्यावर काळ्या कातळाचं लांबच लांब सपाट रान असतं. त्याला सडा म्हणतात. अशाच एका सड्याच्या कडेला वसलेल्या गावात भिवाजी नावाचा माणूस राहत होता. सड्याच्या पलीकडच्या टोकाला चिऱ्यांची खाण होती. घरं बांधायला लागणारे तांबडे चिरे तिथे कापले जात. भिवाजी त्या खाणीवर मुकादम होता.

भिवाजीला जगातल्या सगळ्या गोष्टींचं कुतूहल. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी का घालते? एकाच विहिरीचं पाणी पावसाळ्यात मचूळ आणि थंडीत गोड का लागतं? एकदा मुंग्यांची एक रांग मध्येच का वळते हे बघायला तो अर्धा दिवस त्यांच्यामागे रांगत गेला होता. वळणावर एक मेलेला भुंगा सापडला, तेव्हा कुठे तो जेवायला घरी आला.

त्याच्याकडे एक कुत्रा होता. अंगाने पिवळा, पण डाव्या कानावर बिब्ब्याएवढा काळा ठिपका. म्हणून त्याचं नाव बिब्बा. भिवाजी जाईल तिथे बिब्बा जाई.

भिवाजी दिवसातून दोनदा खाणीवर जायचा. पहाटे उजाडताना जाऊन माणसांना काम नेमून द्यायचं आणि न्याहारीला घरी यायचं. मग दुपारी जेवण आटोपून पुन्हा जायचं आणि दिवस मावळल्यावर परतायचं. वाट अर्ध्या तासाची. चढ नाही, उतार नाही, काटा नाही. सुरुवातीला थोडं गवत, मग नुसता उघडा कातळ. झाड म्हणून एक नाही.

"डोळे मिटून चालावं अशी वाट आहे," भिवाजी सगळ्यांना सांगायचा.

थंडीचे दिवस होते तोवर सगळं छान चाललं. बिब्बा पुढे पळायचा, मागे यायचा, पाखरांवर भुंकायचा. शिमगा झाला आणि एक नवल घडलं. दुपारच्या फेरीला गवत संपून कातळ सुरू झाला, तिथे बिब्बा थांबला.

भिवाजीने हाक मारली. बिब्बाने शेपटी हलवली, पण पाऊल पुढे टाकलं नाही. भिवाजी वीस पावलं चालून गेला आणि मागे वळला. बिब्बा गवतातच उभा होता. पुढचा एक पाय उचलून तो भिवाजीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आनंदाने आला. दुपारी पुन्हा त्याच जागी थांबला. तिसऱ्या दिवशीही तेच.

गावाच्या वेशीवर जांभळाखाली दुपारी दोनचार माणसं बसलेली असत. त्यांना हा तमाशाच झाला. दुकानदार नारोबा म्हणाला, "त्यात काय कोडं आहे? पोट भरलं की कुणालाही चालायचा कंटाळा. पहाटे उपाशी असतो, म्हणून धावतो."

शेजारी बसलेल्या सखू आजी म्हणाल्या, "तसं नाही हो. त्या जागेत काहीतरी असेल. जनावराला कळतं."

भिवाजीला नारोबाचं म्हणणं पटलं. त्याने बिब्बाच्या गळ्यात दोरी बांधली आणि ओढत नेलं. बिब्बा कातळावर उड्या मारत, अंग चोरत आला. मध्येच बसायचा, लगेच उठायचा, एक पाय उचलायचा, तो टेकून दुसरा उचलायचा.

"बघा, नाचतो कसा! सगळी सोंगं," भिवाजी खाणीवरच्या माणसांना म्हणाला. माणसं हसली.

संध्याकाळी घरी जाताना मात्र बिब्बा दोरीशिवाय मुकाट मागे आला. थोडा सावकाश चालला एवढंच. भिवाजीला आणखी एक पुरावा मिळाला. "घराकडे कसा चालतो! कामाची वाट आली की अंगात आळस भरतो."

असे दहा दिवस गेले. रोज दुपारी दोरी, रोज ओढाओढ. भिवाजी कंटाळला. खाणीवरून चिरे न्यायला इब्राहिमभाईंची लॉरी यायची. इब्राहिमभाईंना अंगणात राखणीला एक कुत्रा हवा होता.

"माझा घेऊन जा," भिवाजी म्हणाला. "लबाड झालाय. मला नको तो आता."

"शनिवारी येतो," इब्राहिमभाई म्हणाले.

रात्री जेवताना त्याने बायकोला, यमुनेला, हे सांगितलं. यमुना वाढता वाढता थांबली.

"अहो, पण तो दुपारीच का थांबतो, हे बघितलंत का तुम्ही?"

"त्यात बघायचं काय? आळस."

"मुंगी वळली तर तुम्ही तिच्यामागे अर्धा दिवस जाता," यमुना म्हणाली. "हा तर आपल्या घरात वाढलेला जीव. याच्यासाठी एक दुपार नाही तुमच्याकडे?"

भिवाजी हात धुऊन उठला. पण ते वाक्य त्याच्या मनातून जाईना. खरंच, दुपारीच का? आणि नेमका त्याच जागी का? पोट भरल्याचा आळस असता, तर तो दारातच बसून राहिला असता. गवतातून तर न थांबता येतो. मुंग्यांच्या बाबतीत जे प्रश्न त्याला पहिल्या क्षणी पडले असते, ते बिब्बाच्या बाबतीत अकराव्या दिवशी पडत होते.

शुक्रवारची दुपार झाली. ऊन नुसतं पेटलं होतं. भिवाजी आणि बिब्बा निघाले. कातळाच्या कडेशी येताच बिब्बा थांबला. जांभळाखालची माणसं सरसावून बसली. आता दोरी बाहेर निघणार, हे त्यांना ठाऊक होतं.

भिवाजीने दोरी काढली नाही. तो बिब्बाशेजारी गवतात उकिडवा बसला. बिब्बाच्या डोळ्यांच्या उंचीवर डोळे आणून त्याने समोर पाहिलं. नुसता कातळ. कान दिला. काही आवाज नाही. नाक ओढून वास घेतला. कसलाच वास नाही.

मग बिब्बाने एक पाय पुढे केला, कातळाला टेकवला आणि झटकन मागे घेतला.

भिवाजी त्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पायांत जाड टायरच्या तळाच्या वहाणा होत्या. चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेल्या.

कातळ उन्हात तापतो, हे भिवाजीला माहीत नव्हतं असं नाही. ते गावातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पण जनावराचा पाय म्हणजे जाड कातडं, त्याला काय होणार, असं तो धरून चालला होता. कधी कुणाला विचारलं नव्हतं, कधी हात लावून बघितलं नव्हतं.

त्याने दोन्ही वहाणा काढल्या आणि अनवाणी कातळावर जाऊन उभा राहिला.

"एक," तो मोजू लागला. "दोन. तीन."

चाराला त्याने एक पाय उचलला. पाचाला तो टेकून दुसरा उचलला. सहा म्हणायच्या आत तो उडी मारून गवतात आला होता. तळपाय चुलीतल्या निखाऱ्यावर पडावेत तसे पोळले होते. आपण आत्ता केलं ते काय होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. हाच तो नाच. यालाच आपण सोंग म्हणत होतो.

त्याने बिब्बाला जवळ घेतलं आणि त्याचा पुढचा पंजा उलटा करून पाहिला. तळव्याची काळी गादी सोलून निघाली होती. आतलं लाल मांस दिसत होतं. दुसरा पंजा तसाच. मागचे दोन्ही तसेच. दहा दिवस हा जीव याच पायांवर आपल्यामागे ओढला गेला होता. आणि तरी रोज पहाटे दारात उभा राहून शेपटी हलवत होता.

भिवाजीने पंजा हलकेच खाली ठेवला. बिब्बाने त्याचा हात चाटला, तेव्हा त्याला फारच वाईट वाटलं.

त्याने बिब्बाला उचलून खांद्यावर घेतलं आणि तो घराकडे वळला. वाट जांभळाखालूनच होती.

"काय मुकादम!" नारोबा ओरडला. "शेवटी कुत्रा तुमच्या खांद्यावर चढला म्हणायचा! कोण कुणाला फिरवतंय?"

सगळे हसले. भिवाजीला खाली मान घालून पुढे जाता आलं असतं. काहीतरी सबबही सांगता आली असती. तो थांबला.

"याच्या पायांची सालं निघालीत," तो म्हणाला. "कातळाने भाजलेत. कातळाने कसले, मीच भाजलेत. हा रोज सांगत होता, मी ऐकलं नाही."

कुणी हसलं नाही. नारोबा उठून जवळ आला, पंजा बघितला आणि हळूच म्हणाला, "मीही बोललो होतो रे काहीबाही."

घरी यमुनेने गार पाण्याने बिब्बाचे पाय धुतले, खोबरेल तेल लावलं आणि मऊ फडकी बांधली.  मग तिने पाण्याचं दुसरं घमेलं भरून त्याच्या पायांशी ठेवलं. त्याच्याही तळव्यांना फोड आले होते.

शनिवारी इब्राहिमभाई आले. भिवाजी त्यांना म्हणाला, "भाई, माफ करा. कुत्रा देता येणार नाही."

"का? लबाड आहे म्हणत होतात ना?"

"तो खरा होता. माझंच बघणं चुकलं होतं."

बिब्बाचे पाय बरे व्हायला पंधरा दिवस लागले. तोवर भिवाजी खाणीवर एकटाच जात होता. एका दुपारी खाणीवरचा एक गडी तक्रार घेऊन त्याच्याकडे आला.

"मुकादम, ती घाटावरून आलेली नवी बाई बघा. तानू. चार खेपा झाल्या की बसते. बाकीच्या बाया नऊनऊ, दहादहा खेपा करतात. तिला काढून टाका."

भिवाजीने तिकडे पाहिलं. तानू चिऱ्यांच्या ढिगाच्या हातभर सावलीत बसली होती. मुकादम येताना दिसला, तशी ती घाईने उठली आणि डोक्यावर चुंबळ ठेवू लागली. महिन्यापूर्वीचा भिवाजी लांबूनच ओरडला असता. त्याच्या जिभेवर शब्द आलेही होते. ते त्याने गिळले.

"बस, बस," तो म्हणाला. "मला एक सांग. तू दर चार खेपांनी का बसतेस?"

तानू गोंधळली. मुकादम रागावला आहे की थट्टा करतो आहे, हे तिला कळेना. शेवटी तिने एक पाय थोडा पुढे केला. चपलेचा तळ टाचेपाशी पार झिजून गेला होता. भोकातून टाच खाली टेकत होती. तिथे तिने गोणपाटाचा तुकडा बांधला होता, तोही काळा पडला होता.

"चार खेपा निभतात," ती म्हणाली. "मग टाच निवेपर्यंत बसते."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी, मुकादम?"

 भिवाजीने खाणीतल्या सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि तो ज्याच्या त्याच्या पायांकडे पाहत फिरला. तेवीस माणसं होती. त्यांतल्या नऊ जणांच्या चपला तानूसारख्याच निघाल्या. आणखी दोघे तर अनवाणी होते आणि त्यांनी पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. रोज डोळ्यांसमोर असलेली माणसं, पण त्यांचे पाय भिवाजी पहिल्यांदाच बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून खाणीची वेळ बदलली. उजाडताच काम सुरू, दहाच्या ठोक्याला बंद. पुन्हा उन्हं कलल्यावर सुरू, अंधार पडेपर्यंत. गावातला चांभार आठवडाभर खाणीवर येऊन बसला आणि त्याने सगळ्यांना टायरच्या तळाच्या वहाणा करून दिल्या. खाणीच्या मालकाला आधी हे मुळीच पटलं नव्हतं. "दुपारचे इतके तास वाया घालवतोस," असं तो म्हणाला. पण महिनाअखेर चिऱ्यांचे ढीग मोजले, तेव्हा ते नेहमीपेक्षा उंच निघाले. मालकाने याचं कारण विचारलं. भिवाजी म्हणाला, "आता मध्येच कुणाला बसावं लागत नाही."

बिब्बा आता पहाटे आणि उन्हं कलल्यावर त्याच्याबरोबर खाणीवर येतो. कातळाच्या कडेशी आल्यावर भिवाजी वहाण काढतो, उघडा तळपाय कातळावर टेकवतो आणि मनात दहा अंक मोजतो. दहापर्यंत पाय टिकला, तरच दोघे पुढे जातात. नाही टिकला, तर गवतातच बसतात आणि सूर्य खाली येण्याची वाट बघतात. त्या वेळात भिवाजीला आणखी कितीतरी गोष्टींचं कुतूहल वाटतं, आणि आता तो आधी आपल्या शेजारी बसलेल्याकडे बघून घेतो.

तात्पर्य: जी वाट आपल्याला सोपी आहे, ती सोबतच्यालाही सोपी असेल असं धरून चालू नये. सोबतचा थांबला, तर त्याला ओढण्याआधी तो उभा आहे तिथे आपण अनवाणी उभं राहून बघावं.